पीळ

एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणाऱ्या, बसल्या जागी डुलत राहणाऱ्या मुलाला ‘पुरे आता’ म्हणावं का? त्यावर कुणीतरी सहज म्हणालं, सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. तेव्हापासून मी त्या म्हणीतच अडकले आहे.

ही म्हण हट्टी माणसाला हिणवायला वापरतात. पण सुंभ होतो कसा? नारळाची सोडणं कित्येक महिने पाण्यात कुजवायची, मग बडवून काथ्या मोकळा करायचा. त्याचा एकेक धागा आखूड, एकटा कशालाच पुरत नाही. तळव्यांवर वळला की धागे एकमेकांना धरतात. मग तसे दोन पेड उलट्या बाजूने एकत्र वळायचे. प्रत्येक पेड उलगडू पाहतो आणि त्याच ओढीनं दुसऱ्याला आवळतो. गाठ नाही, डिंक नाही. पीळ काढला तर सरळ झालेला सुंभ मिळत नाही. हाती काथ्याचा पुंजका येतो. मग म्हण ज्याला खोड म्हणते, त्याच्यावरच तर सगळं उभं आहे!

स्वमग्न मुलांचा पीळही असाच असेल का? त्यांचं डुलणं, हात फडफडवणं, ऐकलेलं जसंच्या तसं बोलणं निदानात लक्षण म्हणून नोंदलं जातं. मोठेपणी त्यांच्यापैकी अनेकांनी सांगितलंय की डुललं की गोंगाट सोसवतो. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचं वर्णन केलं. त्यातला एक मुलगा काही फेकायचा मोह झाला की कुत्र्याला गॅलरीतून टाकू नकोस, असं म्हणे. तिथे ना कुत्रा, ना गॅलरी. पुढे उलगडा झाला. काही वर्षांपूर्वी लंडनच्या हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा सारखा खाली टाकत होता, आणि तो आणून आणून वैतागलेल्या आईनं त्याला तसं बजावलं होतं. ते वाक्य म्हणून तो स्वतःला आवरत होता. कुणी त्याला गप्प केलं असतं तर?

पण काही मुलं डोकं भिंतीवर आपटतात, स्वतःचा हात चावतात. तिथे धरावंच लागतं, आणि माझी म्हण तिथे कामाची नाही. या दोन टोकांच्या मधे केवढं तरी उरतं: शाळेत, बसमध्ये, पाहुण्यांसमोर. तिथे आपण मुलासाठी थांबवतो की बघणाऱ्यांसाठी, हे मला आता आधीपेक्षाही कमी कळतं. तुमच्या घरात असं मूल असेल आणि कधी हात धरायचा हे तुम्हाला उमगलं असेल, तर मला जरूर सांगा.