लांबचं भाडं

बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की ती समोरच उभी असते. एकटी नसते, रांगेत असते. पुढे एकच दिवा, त्याखाली एकच चाक, काळं अंग आणि डोक्यावर पिवळं हूड. कुणाच्या काचेवर ‘आई एकविरा’, कुणाच्या काचेवर डहाणूची महालक्ष्मी, मागच्या पाटीवर एमएच ४८. डहाणू लोकल फलाटाला लागली की सगळ्या रांगेला कंठ फुटतो. “तारापूर, तारापूर! चिंचणी, चिंचणी! चला, एक सीट, एक सीट!” मागच्या बाकावर तिघं बसतात, चौथा चालकाच्या बाजूला अर्धी मांडी टेकवतो आणि ती निघते.

रिक्षाला देखणी कुणी म्हणत नाही. तिला दार नाही, काच आहे ती फक्त पुढे. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे पडदे सोडतात, तरी कडेच्या माणसाचा एक खांदा भिजतोच. पण तिच्या अंगात वाया गेलेली वीतभर जागा सापडणार नाही. इंजिन मागच्या बाकाखाली, तेही मोटारसायकलीएवढंच. स्टिअरिंग नाही, हँडल आहे. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, उजव्या मुठीत रेस, उजव्या पायाखाली ब्रेक. जुन्या गाड्यांना सेल्फ नव्हता. चालक कमरेत वाकायचा, डाव्या हाताने खालचा लोखंडी दांडा जोराने वर खेचायचा. एकदा नुसता ठसका, दुसऱ्यांदा थोडी फडफड आणि तिसऱ्यांदा ती जी बोलू लागायची ती घर येईपर्यंत थांबायची नाही. तिन्ही चाकं एकाच मापाची, आठ इंची रिमची, म्हणून एकच स्टेपनी तिघांना चालते. पंक्चर झालं तर जॅक शोधत बसत नाहीत. दोघं तिला एका कुशीवर कलती करून धरतात, तिसरा बसून नट सोडवतो, आणि त्या दोघांपैकी एक बहुतेक वेळा उतारूच असतो. भाडं देणारा माणूस गाडीला खांदा देतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हे दुसऱ्या कुठल्या गाडीच्या वाट्याला येतं?

तिचं कूळ इटलीचं. दुसऱ्या महायुद्धानंतर पिआज्जो कंपनीने आधी वेस्पा स्कूटर काढली आणि मग १९४८ मध्ये स्कूटरच्याच मागे दोन चाकं व मालाचा हौदा जोडून ‘आपे’ बाजारात आणली. दोन्हींचा आराखडा कोर्रादिनो दास्कानियो यांचा. हे विमानविद्येतले अभियंते, आयुष्याची उमेदीची वर्षं हेलिकॉप्टर उडवण्याच्या ध्यासात घालवलेले. त्या मालगाडीत माणूस बसवायचं ज्यांच्या मनात आलं ते मात्र आपल्या अहमदनगरचे, नवलमल फिरोदिया. पेशाने वकील, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले. माणसाने माणसाला ओढत न्यावं हे त्यांना बघवत नव्हतं. त्यांनी ती तीनचाकी मागवली, तिच्यात फेरफार करून बाक बसवला आणि मुंबई राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना दाखवली. परवानगी मिळाली आणि पुण्याच्या रस्त्यांवर ती धावू लागली. १९५९ मध्ये बजाज कंपनीला दुचाकी-तीनचाकी इथेच बनवण्याचा परवाना मिळाला. सुरुवातीला तिचं इंजिन पुढे, चालकाच्या सीटखाली तापत असे. ते मागे गेलं १९७७ मध्ये, आणि आज आपण जिला रिक्षा म्हणून ओळखतो तिचा चेहरामोहरा तेव्हापासूनचा.

म्हणजे तिचा जन्म नफ्यासाठी झाला तसाच तो एका माणसाच्या खांद्यावरचं ओझं उतरवण्यासाठीही झाला. हे जुनं झालं असं कुणी म्हणू नये. पालघरहून फार लांब नसलेल्या माथेरानच्या डोंगरावर माणसाने ओढायच्या रिक्षा आत्ताआत्तापर्यंत लाल मातीच्या चढावर चालत होत्या. २०२२ च्या डिसेंबरात तिथे ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाताने ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. फिरोदियांच्या मनात जे आलं होतं त्याला माथेरानपर्यंत पोचायला पाऊणशे वर्षं लागली.

या गाडीची ख्याती २००६ च्या सुमारास एका वेगळ्याच वाटेने जगात पसरली. दक्षिणेत दोन रॅली सुरू झाल्या, दोन्ही रिक्षाच्या. एक चेन्नईहून निघणारी, ‘रिक्षा चॅलेंज’. ती आधी कन्याकुमारीपर्यंत गेली, पुढे तिचीच एक वाट चेन्नईहून थेट मुंबईला आली. दुसरी ‘रिक्षा रन’, इंग्लंडमधल्या साहसवेड्यांनी काढलेली. कोचीच्या किल्ला भागात जगभरातून आलेली मुलं-मुली आधी रिक्षा रंगवतात, मैदानात गिअर टाकायला शिकतात आणि दोघं-तिघं मिळून एका रिक्षात बसून कधी ईशान्येकडे शिलाँगला, कधी राजस्थानात जैसलमेरला निघतात. अडीच-तीन हजार किलोमीटरचं भाडं! ठरलेला रस्ता नाही, मागे मदतीची गाडी नाही. प्रत्येक चमूने निघण्याआधी ओळखीपाळखीच्या लोकांकडून किमान हजार पौंड मदतनिधी गोळा करायचा असा दंडक. त्यातला वाटा जंगलं राखणाऱ्या ‘कूल अर्थ’ या संस्थेला जातो, उरलेला ज्याला ज्या कामाला द्यावासा वाटेल त्याला.

या लोकांना चांगल्या मोटारी मिळत नव्हत्या असं नाही. त्यांनी रिक्षा निवडली ती तिच्या दुबळेपणासाठी. ताशी पन्नासच्या पुढे ती कापरं भरल्यागत थरथरते, घाटात पहिल्या गिअरवर येते, दोन-तीनशे किलोमीटर झाले की एखादी वायर, एखादा प्लग मागतेच. आणि ती बंद पडली की माणसं येतात. भर दुपारी, आडरानात, जिथे मैलभर कुणी दिसत नव्हतं तिथून येतात. कुणी प्लग काढून सदऱ्याच्या टोकाने पुसतो, कुणी क्लचची तुटलेली वायर पक्कडीने आवळून पुढच्या गावापर्यंतची सोय करतो, कुणी नुसताच चहा आणतो. रॅलीतल्या पाहुण्यांना आपली भाषा येत नाही, पण क्लच, प्लग, पेट्रोल हे शब्द दोन्हींकडे सारखेच. वातानुकूलित मोटारीत बसून हीच मंडळी हेच अंतर कापती तर त्यांना देश दिसला असता, माणसं भेटली नसती. मदतनिधी त्यांनी घरून गोळा करून आणला खरा, पण वाटेतली मदत त्यांना मिळाली ती रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्यांकडून, आणि तिची पावती कुणी फाडली नाही. माझ्या मते त्या रॅलीतलं खरं दान हे आहे.

कोचीहून पश्चिम किनारा धरून निघालेल्या रिक्षाला पालघर जिल्हा टाळता येत नाही. द्रुतगती मार्गावर तीनचाकीला मनाई, मुंबईत माहीम-शीवच्या पुढे मज्जाव. मग ती उपनगरांतून वाट काढत घोडबंदरला येते, वर्सोव्याच्या पुलावरून खाडी ओलांडते आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ ने मनोर, चारोटी, तलासरी करत गुजरातेत शिरते. डावीकडे मस्तान नाक्यावरून पालघरचा रस्ता फुटतो, पुढे चिल्हार फाट्यावरून बोईसरचा. त्या फाट्यांवरून आत वळलं की तिचीच सख्खी भावंडं रोज किती लांबचं भाडं मारतात ते दिसेल. अंतराने लांब नव्हे, वेळेने.

तारापूरची औद्योगिक वसाहत राज्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक. रसायनं, औषधं, कापड, पोलाद. पलीकडे समुद्राला लागून अणुवीज केंद्र, १९६९ पासून वीज देणारं, देशातलं पहिलं. एवढ्या कारखान्यांची पाळी सुटते तेव्हा रस्त्यावर माणसांचा लोंढा येतो. त्यात उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, ओडिशातून आलेली पोरं असतात, विक्रमगड-डहाणूकडचे वारली असतात, सालवड-पास्थळचे स्थानिक असतात. कुणाच्या बाह्यांवर रंगाचे डाग, कुणाच्या कपड्यांना रसायनाचा उग्र दर्प. दोन पाळ्यांची माणसं तिच्यात भेटतात. उतरणारा सांगतो, “आज तिसऱ्या लाइनला गरम आहे, सांभाळ,” आणि चढणारा मान हलवतो. ट्रेलर आणि टँकर यांच्या मधून, खड्ड्यांतून, ती आपलं लहानसं अंग काढून घेते. पहाटे हीच पालघरच्या बाजूला सातपाटीच्या रस्त्यावर असते, पापलेटच्या आणि बोंबलाच्या पाट्या घेऊन. पाटी पायाशी, मावशी कडेला, मधल्या उतारूने पाय वर घेतलेले. “भाऊ, गाडी गेली तर माझा धंदा गेला, जरा हाण ना!” आणि भाऊ हाणतो.

तिचे दोष मी झाकणार नाही. तिघांच्या परमिटवर पाच-सहा माणसं कोंबणं हा गुन्हा आहे आणि ती उलटते तेव्हा पुढे टेकलेला चौथा माणूस आधी सापडतो. पण सगळा दोष चालकाच्या माथी मारणंही मला पटत नाही. गाडीचा हप्ता, विमा, पासिंग, सीएनजीची रांग, स्टँडवर नंबर यायला लागणारा वेळ, हे सगळं वजा करून घरी न्यायचं ते त्या चौथ्या सीटवरच अवलंबून असतं. दिवसाचे दहा-बारा तास खड्ड्यांतून तिच्याबरोबर त्याचाही कणा हादरतो. पन्नाशीच्या चालकाला गाडीतून उतरताना बघा. आधी हात हुडाच्या दांड्यावर, मग एक पाय, मग थोडं थांबणं, मग दुसरा.

आणि रात्र. रात्री अडीच वाजता पाड्यावरून फोन येतो तो याच चालकाला. पोटुशी पोरगी, सोबत आई, एखादी आशाताई. रिक्षा डांबर संपेपर्यंत जाते, मग खडी संपेपर्यंत जाते, आणि तिथे दिवा चालू ठेवून उभी राहते. पुढचा रस्ताच नसतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून बायकांना डोलीत घालून आणल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. त्या डोलीचे चार खांदे जिथे मोकळे होतात ती जागा बहुतेक वेळा रिक्षाची किंवा जीपची असते. तिथून पुढे दवाखान्यापर्यंत चालक हॉर्न वाजवत नाही, खड्डा दिसला की जवळजवळ थांबतो, आणि मागे वळून एवढंच विचारतो, “ताई, बरं आहे ना?” भाड्याचं बोलणं पुष्कळदा सकाळपर्यंत होत नाही. कधी कधी होतच नाही.

हे उधारीचं भाडं कुणीतरी चुकतं करायला हवं, आणि त्यासाठी तीच दक्षिणेतली युक्ती वापरावी असं मला फार वाटतं. पाहुण्यांची वाट बघायला नको. बोईसर, पालघर, मनोर, विक्रमगडच्या स्टँडवरच्या चालकांनीच रॅली काढावी. बोईसरहून चिल्हार फाटा, मनोर, विक्रमगड आणि वर जव्हारचा चढ. कारखान्यांनी, सोसायट्यांनी, शाळांनी किलोमीटरमागे पैसे लावावेत. ते पैसे दोनच कामांना जावेत: रात्री बाळंतिणीला घेऊन येणाऱ्या गाडीचं भाडं आणि चालकांच्या पाठीची तपासणी. रिक्षा रंगवायचं काम डहाणू-विक्रमगडच्या वारली चित्रकारांना द्यावं. गेरूच्या रंगावर पांढरी चित्रं तिला शोभतील. पाऊस सरला की ऑक्टोबरात जव्हारचा घाट हिरवा असतो. रॅलीतल्या पहिल्या गाडीत चालकाच्या शेजारी नव्हे, मागच्या बाकावर, तिघांतला एक म्हणून बसायला मी आजच नाव देतो.