मोहनखेडा : तीन रात्रींचा विसावा

इंदूरहून पश्चिमेस अहमदाबादच्या रस्त्याने निघाले की घाटाबिल्लोदनंतर धार लागते. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात नांदलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांना येथवरचा रस्ता परका नाही. आमचे पूर्वज पवारांच्या मागोमाग इकडे आले. दुसरा बाजीराव 1775 साली धारच्याच किल्ल्यात जन्मला, ही गोष्ट आजोबा प्रत्येक फेरीत नव्याने सांगत आणि आम्ही ती नव्याने ऐकत असू. धारच्या पुढे मात्र मी कधी गेले नव्हते. गेल्या माघात शेजारच्या जैन भाभींनी आग्रह केला, “ताई, दोन-तीन दिवस आमच्याबरोबर मोहनखेड्याला चला,” आणि मी हो म्हणून बसले. हो म्हटल्यावर रात्रभर मला झोप लागली नाही.

सरदारपूरपाशी मही नदी भेटते. याच तालुक्यात ती उगम पावते आणि पुढे गुजरातेत जाऊन खंभातच्या आखाताला मिळते. येथे तिचे रूप अगदी लहानखुरे आहे. पुढे राजगड, आणि राजगडाला लागूनच मोहनखेड्याचे श्वेतांबर जैन तीर्थ. आदिनाथांचे मंदिर, शुभ्र शिखरे, ऐसपैस आवार, धर्मशाळा, भोजनशाळा. आचार्य राजेंद्रसूरींच्या प्रेरणेने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे तीर्थ उभे राहिले आणि 1906 साली राजगडास त्यांचा देह पडल्यावर त्यांची समाधीही येथेच झाली. पौष शुद्ध सप्तमी ही त्यांची जन्मतिथी आणि पुण्यतिथीही. त्या दिवशी येथे मोठी यात्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा यात्रेची गर्दी ओसरली होती. आवारात झाडणाऱ्या बायकांच्या खराट्यांचा तेवढा आवाज.

भोजनशाळेत सूर्यास्तापूर्वी जेवायचे. कांदा नाही, बटाटा नाही, पाणी उकळून निववलेले. वाढणाऱ्याने माझ्या पानाकडे पाहून विचारले, “बहनजी, और कुछ?” मी नको म्हटले. खरे म्हणजे घास उतरत नव्हता. पंगतीत दर दोन मिनिटांनी माझा हात शेजारच्या रिकाम्या जागेकडे जात होता. गेली कित्येक वर्षे जेवताना माझ्या डाव्या बाजूस माझा धाकटा भाऊ बसतो. आम्ही त्याला बाळच म्हणतो. बाळ आज 54 वर्षांचा आहे. केस पिकले, चष्मा लागला, परंतु बुद्धीची वाढ चार-पाच वर्षांच्या मुलाएवढीच राहिली. पूर्वी अशांना मतिमंद म्हणत. आता कायद्यात बौद्धिक दिव्यांग म्हणतात. आई गेल्याला 11 वर्षे झाली. तेव्हापासून तो आणि मी. या 11 वर्षांत त्याला मागे ठेवून मी रात्रीपुरती घराबाहेर पडले ती एकदाच, तीही शस्त्रक्रियेसाठी.

त्या वेळची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली आणि बाळला आठ दिवस एका निवासी संस्थेत ठेवावे लागले. संस्थेचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तेथे कोणी त्याला मारले नाही की उपाशी ठेवले नाही. फरशी लख्ख होती, खाटेवर स्वच्छ चादर होती. त्यांनी एक छापील अर्ज भरून घेतला : नाव, वय, प्रमाणपत्राचा क्रमांक, औषधे, रक्कम. त्याला पाणी हवे असले म्हणजे तो काय म्हणतो, हे त्या अर्जात कोठेच नव्हते. बाळ पाण्याला “गार” म्हणतो. लहानपणी आईने माठातले पाणी देताना म्हटलेला तो शब्द त्याने धरून ठेवला. हिंदी बोलणाऱ्या सेवकांना तो नुसता निरर्थक आवाज वाटला. आठव्या दिवशी मी टाक्यांवर हात धरून त्याला आणायला गेले तेव्हा त्याचे ओठ फुटलेले होते, आणि घरी आल्यावर महिनाभर तो एकही शब्द बोलला नाही. “गार” सुद्धा नाही. माझ्या पुढ्यातला पेला दाखवून विचारले तर तोंड फिरवी.

दोष मी कोणाला देऊ? मीही तो शब्द लिहून दिला नव्हता. घरात जे सर्वांना ठाऊक असते ते लिहून द्यावे लागेल हे सुचतच नाही. त्यातून आपण महाराष्ट्राबाहेरची माणसे. बाजारात, कचेरीत आपण सहज हिंदी बोलतो, पण घरातले असे मूल घरातलीच भाषा उचलते, आणि उंबऱ्याबाहेर त्याचे दुभाषे आपणच असतो. दुभाषा आजारी पडला की त्याची वाचा गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समाधिमंदिरात बसले होते. राजेंद्रसूरींनी प्राकृत शब्दांचा ‘अभिधान राजेंद्र कोश’ रचला. सात जाडजूड खंडांचा तो ग्रंथ त्यांच्या पश्चात रतलामला छापून निघाला. भाभी मोठ्या भक्तिभावाने हे सांगत होत्या आणि मला आमच्या घरच्या कोशाची आठवण होऊन हसू आले. बाळला या खेपेस जेथे ठेवले होते तेथील बाईंनी तो माझ्याकडून करवून घेतला होता. शंभर पानी वही, डाव्या बाजूस बाळचा शब्द, उजवीकडे हिंदीत अर्थ. गार म्हणजे पाणी. गाडी म्हणजे फिरायला जायचे. झाले म्हणजे कोठेतरी दुखते आहे. एकूण 23 शब्द भरले. त्याखाली सवयी : चहा बशीतूनच पितो; कुकरच्या शिट्या मोजतो, मध्येच गॅस बंद केल्यास चिडतो; अनोळखी माणसाने मागून हात लावलेला खपत नाही.

हे घर लहान आहे, सात-आठ जणांचे. त्या बाई आधी आमच्याकडे येऊन एक दुपार बसून गेल्या. मग मी बाळला त्यांच्याकडे चहापुरता नेला, पुढे दिवसभर, पुढे एका रात्रीसाठी. या सगळ्याला तीन महिने लागले. माझ्या भाचीला हा वेळेचा अपव्यय वाटला. मला आता वाटते, घर पारखण्याची याहून चांगली रीत नाही. दालन, पलंग, रंगीत भिंती पाहून काही कळत नाही. रात्री जागे कोण असते, पाणी कोठून येते, न सांगता गेल्यास दार उघडतात की नाही, हे विचारावे. पाण्याचा प्रश्न मी मुद्दाम लिहिते आहे. जुलै 2024 मध्ये आमच्याच इंदुरात अशा मुलांच्या एका आश्रमात पटकी पसरून मुले दगावली, हे आम्ही विसरलेलो नाही.

सरकारी आधार अगदीच नाही असे नाही. 1999 च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. त्याच्या ‘समर्थ’ योजनेत अशा अल्पकाळच्या निवासाची कल्पना आहे, तर ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा. अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याने ही मुले सज्ञान ठरतात. मग आईबापांनाही रीतसर पालकत्व घ्यावे लागते, आणि ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून मिळते. आईच्या पश्चात मला ते घेताना धावपळ झाली. ज्यांच्या घरी असा भाऊ वा बहीण आहे त्यांनी ते काम आईबाप हयात असतानाच उरकावे. महाराष्ट्रात पालकांनी एकत्र येऊन बदलापूरचे ‘आधार’, डोंबिवलीजवळ खोणीचे ‘घरकुल’ अशी घरे उभारली. मात्र ती प्रामुख्याने कायमच्या निवासाची. चार दिवस ठेवून घेणारे, आणि चांगले ठेवून घेणारे घर आपल्या गावात शोधणे अजून फार कठीण आहे.

समाधीपुढे बसून मला बेल्जममधील खेल या गावाविषयी वाचलेले आठवले. तेही तीर्थक्षेत्रच. संत डिम्फ्ना हिच्या दर्शनाला मनोरुग्णांना आणीत आणि देवळात जागा अपुरी पडू लागल्यावर गावकरी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेऊ लागले. मंदबुद्धी माणसेही त्यांत असत. मध्ययुगापासून ती रीत चालत आली. 1930 च्या दशकात तेथील घरांतून असे साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे राहत होते. आज त्यांची संख्या खूपच घटली आहे, पण रीत टिकून आहे. आपल्या तीर्थांतून कोणालाही दोन वेळचे जेवण आणि पाठ टेकायला जागा मिळते. मोहनखेड्याचा तो वाढपी मला न ओळखता दोनदा “और कुछ?” विचारून गेला. एखाद्या धर्मशाळेत चार खोल्या अशा पाहुण्यांसाठी आणि त्यांच्या थकलेल्या माणसांसाठी का असू नयेत? भाभींना हे बोलले तर त्या म्हणाल्या, “ट्रस्टला पत्र लिहा.” लिहिणार आहे.

संध्याकाळी इंदूरला फोन लावला. बाई म्हणाल्या, तो जेवला, शिट्या मोजल्या, आता वर्तमानपत्राच्या घड्या घालतो आहे. फोनवर येत नाही म्हणतो. मला हायसे वाटले आणि थोडे वाईटही वाटले, हे कबूल करते. त्या रात्री मी आठ तास झोपले. सकाळी भाभींनी हलवून उठवले तेव्हा कोठे आहे हेच क्षणभर उमजेना.

चौथ्या दिवशी परतल्यावर थेट त्या घरी गेले. बाळची एक चप्पल सापडत नव्हती आणि सदरा दुसऱ्याच कोणाचा तरी अंगात होता. मला पाहून तो उठला, पिशवीत हात घालून प्रसादाचा पुडा काढून घेतला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. ओठ ओले होते. मी वही उघडली. माझ्या अक्षराखाली हिंदीत दोन ओळींची भर पडलेली : रात्री दिवा नको असतो, डोळ्यांवर हात धरतो, दिवा मालवल्यावर लगेच झोपला.

आई त्याच्या खोलीत रात्रभर दिवा ठेवी, तो घाबरेल म्हणून. तिच्यामागे मीही 11 वर्षे ठेवत आले. तो डोळ्यांवर हात घेऊन झोपतो हे मी रोज पाहत होते. त्या रात्री घरी आल्यावर मी बटण बंद केले आणि दारात उभी राहून त्याचा श्वास ऐकत राहिले.