खबर किती वाजताची?

मुलांनो, आमच्या गल्लीत एक आजी राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे. पावसाळा लागला, की त्या ओट्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवतात. कुणी म्हणालं, "आजी, पोलादपुरात पाऊस थांबलाय बरं का," की आजींचा ठरलेला प्रश्न, "किती वाजता थांबला?" कुणी म्हणालं, "नदी भरलीय," तरी तेच. "कुणी बघितली? कधी बघितली?" नवखा माणूस वैतागतो. मी मात्र वैतागत नाही. कारण आजींना ही सवय माझ्यामुळे लागली. कशी, तेच आज सांगणार आहे.

मी राहते महाडला आणि शिकवते पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत. आमची सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून खाली महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. म्हणजे माझी शाळा नदीच्या वरच्या अंगाला आणि घर खालच्या अंगाला! महाडच्या परिसरात गांधारी आणि काळ या नद्याही सावित्रीला येऊन मिळतात. त्यातच समुद्राला भरती असली, तर पुराच्या पाण्याला पुढे सरकायला वाट मिळत नाही. म्हणून पावसाळ्यात महाडकरांचे कान सारखे वरच्या खबरीकडे लागलेले असतात.

जुलै २०२१ मधल्या महापुराची रात्र. संध्याकाळी मी वर राहणाऱ्या एका शिक्षक मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "पाऊस कमी झालाय. आमचा वहाळ उतरलाय. झोपा निवांत!" मी ती खबर सगळ्या गल्लीला सांगितली. बाईंनी सांगितलं म्हटल्यावर सगळ्यांना पटलं. थोड्या वेळानं वीज गेली, मग फोनही मुका झाला. पाऊस पुन्हा कोसळायला लागला. रात्री दोनच्या सुमारास आजींनी दार वाजवलं. "बाई, वरची काय खबर?" मी अर्धवट झोपेत म्हटलं, "वर पाणी उतरलंय, आजी. झोपा तुम्ही."

आजी गेल्या आणि झोपल्या. तासाभरात पाणी ओट्याच्या पायरीला लागलं. मग जी धावपळ उडाली! आम्ही दोघा-तिघांनी आजींना उचलून शेजारच्या घराच्या वरच्या मजल्यावर नेलं. त्यांची पत्र्याची ट्रंक मात्र खालीच राहिली. तिच्यात आजोबांचा एकुलता एक फोटो होता. २२ जुलैला महाडची बाजारपेठ पाण्याखाली होती. महाबळेश्वरला २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर ट्रंक सापडली. फोटोवर नुसता चिखलाचा डाग उरला होता.

चिखल काढताना मी आजींजवळ बसले. म्हटलं, "आजी, माझं चुकलं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

आजी म्हणाल्या, "खोटं कुठं गं? तुझ्या मैत्रिणीनं बघितलं तेव्हा पाणी उतरलंच असेल. पण संध्याकाळची खबर तू मला रात्री दोनला वाढलीस. सकाळचा भात संध्याकाळी आपण हुंगून बघतो की नाही? मग खबर नको हुंगायला?"

हे बोलणं माझ्या मनातून जाईना. माझा भाचा लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात कंप्युटरचं शिक्षण घेतो. दिवाळीला आला तेव्हा त्याला मी हे सांगितलं. तो उडालाच! "मावशी, आजी जे बोलल्या त्यावर आम्हाला अख्खा विषय आहे. रिअल टाइम डेटाबेस म्हणतात त्याला."

"आता हे काय रे?"

"डेटाबेस म्हणजे कंप्युटरमधलं रजिस्टर समज. तुझ्या शाळेत कोणकोणती रजिस्टरं असतात?"

मी सांगितलं, जनरल रजिस्टर असतं, त्यात मुलांची जन्मतारीख असते. हजेरीपत्रक असतं. आणि पडवीत फळा असतो, त्यावर आजचा पट आणि आजची उपस्थिती लिहितो.

"बघ हं," तो म्हणाला, "जन्मतारीख एकदा बरोबर लिहिली, की पन्नास वर्षांनीही बरोबरच. पण फळ्यावरची उपस्थिती? काल १८ मुलं होती आणि आज कुणी फळा पुसलाच नाही, तर?"

मला लगेच आमच्या खिचडी शिजवणाऱ्या मावशी आठवल्या. त्या फळा बघून तांदूळ घेतात. एकदा खरंच असं झालं होतं. जत्रा होती म्हणून निम्मी मुलं आली नव्हती आणि फळ्यावर आकडा होता कालचा. पातेलंभर खिचडी उरली! गंमत अशी, की फळ्यावरच्या आकड्याला कुणी हातही लावला नव्हता. तो आपोआप चुकीचा झाला होता.

"हेच ते!" भाचा म्हणाला. "साध्या रजिस्टरातली माहिती कुणी बदलेपर्यंत खरी राहते. नदीची पातळी, हवेचा दाब, गाडीचा वेग ही माहिती मात्र नुसती पडून राहिली, तरी खोटी होते. म्हणून रिअल टाइम रजिस्टरात प्रत्येक आकड्याशेजारी दोन गोष्टी लागतात. तो कधी घेतला, आणि किती वेळ टिकेल. मुदत संपली, की तो आकडा वापरायचा नाही."

पण मुदत ठरवायची कशी? बघा, महाडला सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी साडेसहा मीटर मानतात. दोन्हींमध्ये फक्त अर्ध्या मीटरचं अंतर. समजा, पाणी तासाला अर्धा मीटर चढतंय. मग तासाभरापूर्वीचा "६ मीटर" हा आकडा काय कामाचा? तेव्हा नुसता इशारा होता, आता धोका दारात आहे! एप्रिलमध्ये मात्र तोच आकडा दिवसभर चालेल. जी गोष्ट भराभर बदलते तिची खबर लवकर शिळी होते, हा साधा हिशोब.

आणि रिअल टाइम म्हणजे नुसतं "झटपट" नव्हे बरं का! म्हणजे "वेळेच्या आत". परीक्षेत शेवटची घंटा झाल्यावर तुम्हाला उत्तर आठवलं, तर मार्क मिळतात का? तसंच हे. उत्तर बरोबर हवं आणि ठरलेल्या वेळेत हवं.

आमच्या भागातल्या माणसाला हे फार शिकवावं लागत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्रीवर ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल होता. कितीतरी वर्षं "पुढे पूल आहे" ही गोष्ट प्रत्येक ड्रायव्हरच्या डोक्यात पक्की होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो पूल कोसळला. त्या क्षणी ती माहिती खोटी झाली, पण काळोखात येणाऱ्या गाड्यांना ते कोण सांगणार? दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं नदीत गेली, कितीतरी माणसं गेली. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या हे लक्षात आलं आणि त्यानं मागून येणाऱ्या गाड्या थांबवल्या. ताजी खबर वेळेवर पोचली तेवढी माणसं वाचली. जून २०१७ मध्ये तिथे नवा पूल सुरू झाला.

भाचा परत गेल्यावर मी ठरवलं, की हे मुलांना खेळातून शिकवायचं. शाळेच्या आवारात चार कोपऱ्यांत चार बादल्या ठेवल्या. एकीचं नाव महाबळेश्वर, दुसरीचं पोलादपूर, तिसरीचं गांधारी, चौथीचं भरती. प्रत्येक बादलीत खुणा केलेली काठी आणि शेजारी एक पहारेकरी. पडवीत मुख्य कचेरी. तिथे चौथीतली एक मुलगी वही घेऊन बसली. पहारेकऱ्यांनी पाणी मोजायचं, चिठ्ठी पाठवायची आणि कचेरीनं "महाड सुरक्षित" किंवा "महाड रिकामं करा" असं ओरडायचं. बादल्यांत गुपचूप पाणी ओतायचं काम माझं!

पहिल्याच डावात फजिती झाली. पोलादपूरचा पहारेकरी जांभळं खायला पळाला. मी त्याची बादली काठोकाठ भरली. कचेरीच्या वहीत मात्र त्याची जुनी चिठ्ठी, "पाणी दोन बोटं". कचेरी आपली ओरडतेय, "महाड सुरक्षित! महाड सुरक्षित!" आणि सगळी मुलं पोट धरून हसताहेत. मला मात्र हसू येईना. मला रात्रीचे दोन आठवत होते.

दुसऱ्या डावाला मुलांनीच नियम केला. चिठ्ठीवर वेळ लिहायची. दहा मिनिटं झाली, की कचेरीनं तिच्यावर काट मारायची. मग प्रश्न आला. काट मारल्यावर काय समजायचं? एक मुलगा म्हणाला, "चिठ्ठी नाही म्हणजे काही झालं नाही." दुसरी म्हणाली, "नाही काय! चिठ्ठी नाही म्हणजे पहारेकरीच वाहून गेला असेल!"

भांडण सोडवायला मी त्यांना रेल्वेची गोष्ट सांगितली. अनेक ठिकाणी रुळांतून एक छोटा विद्युत्प्रवाह सतत सोडलेला असतो. तो नीट पोचतोय तोवरच सिग्नल हिरवा होऊ शकतो. गाडी आली, की तिच्या चाकांमुळे प्रवाह मध्येच वळतो आणि सिग्नल लाल. पण रूळ तुटला, तार निसटली, तरीही प्रवाह थांबतो आणि सिग्नल लालच! म्हणजे रेल्वेनं ठरवून टाकलंय, की काही कळत नसेल तर धोका आहे असंच समजायचं. कंप्युटरही याच कारणानं एकमेकांना सारखे छोटे निरोप पाठवतात, "मी आहे, मी आहे". इंजिनिअर लोक त्याला हृदयाचे ठोके म्हणतात. ठोके थांबले, की बाकीचे सावध होतात.

आपल्या कोकण रेल्वेचा पावसाळ्यातला कारभार म्हणजे आमच्या खेळाचंच मोठं रूप. काळ नदीच्या पुलावर, वीर आणि सापे वामणे या स्थानकांमधल्या सावित्रीच्या पुलावर आणि चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या पुलावर पुराचा इशारा देणारी यंत्रणा आहे. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी अशा स्थानकांवर पाऊस आपोआप नोंदवणारी पर्जन्यमापकं आहेत. शिवाय रुळांवर गस्तवाले फिरतात. मुसळधार पावसात नीट दिसेनासं झालं, तर गाडी ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं चालवायची नाही, असा नियम आहे. आणि दर पावसाळ्यात गाड्यांचं वेळापत्रकच बदलतं, वेग कमी होतो. परिस्थिती बघून आपली चाल बदलायची!

तिसऱ्या डावात माझ्या मुलांनीही हेच केलं, तेही मी न सांगता. कचेरीतल्या मुलीनं वहीच्या मागच्या पानावर वेगळाच तक्ता काढला. त्यात पाण्याचे आकडे नव्हते. त्यात होतं, कोणता पहारेकरी वेळेवर चिठ्ठी देतो, कोण उशीर करतो, कोण गायब आहे. तो बघून तिनं हुकूम सोडले. "पाणी चढतंय, आता दहाऐवजी पाच मिनिटांनी चिठ्ठी द्या. गांधारी, तू भरतीची बादलीही बघ, तो पळालाय!"

मी भाच्याला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तो मागच्या पानावरचा तक्ता म्हणजे आमच्या भाषेत रिफ्लेक्टिव्ह रचना." रिफ्लेक्शन म्हणजे आरशातलं प्रतिबिंब. नदी बघणारी यंत्रणा स्वतःलाही आरशात बघते. आपले डोळे किती चालू आहेत, किती मिटलेत, हे तिला कळतं आणि ती आपलं काम त्याप्रमाणे बदलते. बहुतेक यंत्रांना जगाकडे बघता येतं, स्वतःकडे बघणं अवघड. माणसांचंही तसंच की!

जिथे चूक झाली तर जीव जातो, तिथे तर एकावर भरवसा ठेवतच नाहीत. अमेरिकेची स्पेस शटल यानं १९८१ ते २०११ पर्यंत उडत होती. त्यांच्यात पाच संगणक असत. उड्डाणाच्या महत्त्वाच्या वेळी चार संगणक एकच काम करून एकमेकांचं उत्तर पडताळत. पाचवा राखीव, आणि त्याचा प्रोग्रॅम वेगळ्या लोकांनी लिहिलेला, म्हणजे एकाच चुकीनं पाचही बंद पडायला नकोत. एवढी हुशार माणसं, पण "माझं चुकू शकतं" हे आधी मान्य करून कामाला लागली.

मला त्या रात्री तेवढंच जमायला हवं होतं. "आजी, खबर संध्याकाळची आहे. आता फोन लागत नाही, मला काही माहीत नाही," असं म्हटलं असतं, तर आजी झोपल्या नसत्या. ट्रंक उचलली असती.

आता आमच्या शाळेच्या फळ्यावर उपस्थितीच्या आकड्याशेजारी वेळ लिहिलेली असते. मुलांनी घरीही हे वेड नेलंय. एकाचे बाबा मला म्हणाले, "बाई, मोबाईलवर पुराचा निरोप आला, की पोरगं आधी विचारतं, हा कधीचा? बघितला कुणी? मग पुढे पाठवायला देतं." तुमच्या घरीही पावसाळ्यात असे निरोप येत असतील. पुढे ढकलण्याआधी वेळ बघा. वेळ नसेल, तर विचारा. आणि आपल्याला माहीत नसेल, तर तसं सरळ सांगा.

परवा मी शाळेतून आले, तर आजी ओट्यावरच होत्या. "काय गं बाई, वरची काय खबर?"

मी म्हटलं, "साडेचारला निघाले तेव्हा वहाळ काठाच्या आत होता, आजी. आता सहा वाजलेत. थांबा, पुन्हा विचारते."

आजी हसल्या आणि मी फोन लावला.