पिवळ्या चाकातलं शिसं

संपादकांचा फोन आला तेव्हा मी हळदीच्या नमुन्यांत अडकले होते. "खेळण्यांच्या सुरक्षेवर लिहा, पण फार रासायनिक नको," असं त्यांनी बजावलं. फराळाचं ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकाला आम्लाची तीव्रता सांगू नये, हे मलाही पटतं. तरी एखाददुसरा आकडा येणारच. त्याला माझा इलाज नाही.

सांगलीत रासायनिक तपासणीवर पोट भरायचं तर हळद आणि बेदाण्यावाचून गत नाही. हळदीत आम्ही ज्या गोष्टी शोधतो त्यांत शिसं असतंच. कायद्याने हळदीत शिशाची मर्यादा १० पीपीएम आहे, म्हणजे किलोमागे १० मिलिग्रॅम. बांगलादेशात आणि अलीकडे पाटण्याच्या बाजारात घेतलेल्या नमुन्यांत अभ्यासकांना याहून कितीतरी जास्त शिसं सापडलं. त्यामागचा गुन्हेगार लेड क्रोमेट, म्हणजे हळकुंडाला झळाळी आणणारी पिवळीधमक पूड. हेच लेड क्रोमेट पिवळ्या आणि केशरी तैलरंगांतही वर्षानुवर्षं वापरलं गेलंय. खेळण्यांच्या विषयात मी शिरले ती या पिवळ्या रंगाच्या वाटेने.

मला लिहायला बसवलं ते मात्र एका पांगुळगाड्याने. खटाव तालुक्यातले एक वयस्कर सुतार. त्यांचं नाव-गाव सांगत नाही, आम्ही त्यांना मामाच म्हणतो. पांगुळगाडे, बैलगाड्या, भोवरे असा माल ते घरच्या लेथवर करतात. थोडा पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत विकतात आणि बाकीचा साताऱ्यातल्या दुकानांत देतात. एका दुकानदाराने माल परत पाठवला आणि सांगितलं, आयएसआय शिक्का आणा. मामा पांगुळगाडा पोत्यात घालून एसटीने सांगलीला आले आणि म्हणाले, "ताई, तेवढा शिक्का मारून द्या की. पैशे किती हुत्यात ते सांगा."

शिक्का मी मारू शकत नाही. खेळण्यांच्या परवान्यासाठी भारतीय मानक ब्यूरोची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचाच अहवाल लागतो, आणि आमची प्रयोगशाळा हळद-बेदाण्याची. हे त्यांना समजावताना माझी बोलण्याची पट्टी जरा चढलीच, कारण ही समजूत मी सुशिक्षितांनाही घालत असते. शिक्का ही विकत घ्यायची वस्तू आहे असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं.

दुकानदाराचं चुकलं नव्हतं. केंद्र सरकारचा खेळण्यांसंबंधीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश फेब्रुवारी २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठी बनवलेली कुठलीही वस्तू मानक ब्यूरोच्या चिन्हाशिवाय बनवायची नाही, आणायची नाही, साठवायची नाही, विकायची नाही. पहिल्याच चुकीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड. दोन लाखांचा आकडा ऐकल्यावर कुठला दुकानदार पांगुळगाड्यासाठी धाडस करेल? हा आदेश मुख्यतः चिनी मालाला आवर घालण्यासाठी आला, हे उघड आहे. आदेश निघाला त्याच महिन्यात खेळण्यांवरची आयात शुल्काची आकारणी २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली, पुढे २०२३ मध्ये ७० वर. आयात घटली, निर्यात वाढली. बाळाची सुरक्षा आणि देशी कारखानदाराचं संरक्षण अशी दोन कामं एकाच कागदाला लावली की कागद कुणासाठी लिहिलाय ते कळेनासं होतं. खटावच्या सुतारासाठी तो नक्कीच लिहिलेला नव्हता.

आता मानक. आयएस ९८७३ चे बरेच भाग आहेत. पहिला भाग यांत्रिक धोक्यांचा: टोक, धार, फट, निसटणारे तुकडे. दुसरा पेट घेण्याचा, तिसरा शिशासारख्या घातक मूलद्रव्यांचा. पहिला भाग मला फार आवडतो, कारण तो हाताने समजतो. तीन वर्षांखालच्या बाळाच्या घशात काय अडकेल हे ठरवायला एक नळकांडं असतं. व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१. खेळण्याचा सुटा किंवा तुटून पडलेला तुकडा त्यात पूर्ण मावला की खेळणं नापास. मी मामांना आकृती काढून दिली. पुढच्या खेपेला त्यांनी शिसवीचं नळकांडं कातून आणलं, तिरक्या तळासकट. मी व्हर्निअर लावून पाहिलं तर माप चोख. आसाच्या टोकाची खुंटी त्यात मावते हे त्यांना स्वतःलाच दिसलं आणि त्यांनी खुंटी काढून आरपार पाचर मारली. कुणी अधिकारी आला नाही, कुणाला फी द्यावी लागली नाही. नियम असा हातात दिला तर आपला कारागीर तो पाळतो. नुसता पाळत नाही, सुधारतोही.

तिसऱ्या भागात मात्र सगळं अडतं, आणि संपादकांना दिलेला शब्द इथे मोडतो.

पांगुळगाड्याची चाकं पिवळी होती. आमच्याकडे क्ष-किरणांवर चालणारं, पिस्तुलाच्या आकाराचं यंत्र आहे. चाकाला टेकवलं आणि थोड्याच वेळात पडद्यावर शिशाचा आकडा उमटला, रंगासाठीच्या ९० पीपीएमच्या मर्यादेच्या कितीतरी पट. लाल दांडी मात्र निर्धोक. रंगाचा डबा मागवून घेतला. तो निघाला यंत्रसामग्रीला लावायच्या औद्योगिक रंगाचा. २०१६ च्या नियमांनी रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घातली खरी, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती. औद्योगिक रंग त्यातून सुटले. हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही डबे एकाच फळीवर असतात.

तरीही गंमत अशी की माझ्या यंत्राच्या आकड्यावरून खेळणं कायद्याने नापास ठरत नाही. रंगाच्या नियमातले ९० आणि खेळण्याच्या मानकातले ९० हे दोन वेगळे आकडे आहेत. रंगाचे ९० म्हणजे सुकलेल्या रंगातलं एकूण शिसं. खेळण्याचे ९० म्हणजे रंगाचा खरवडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात, ३७ अंश तापमानाला एक तास हलवून आणि एक तास स्थिर ठेवून जेवढं शिसं आम्लात उतरतं तेवढंच. ही जठराची नक्कल आहे. डब्यात किती साखर आहे आणि चहात किती विरघळली, एवढा फरक. लेड क्रोमेट सहज विरघळत नाही, त्यामुळे एकूण शिसं भरपूर आणि उतरलेलं शिसं बेताचं, असं होऊ शकतं.

विद्राव्य शिशाचीच मोजणी शास्त्रीय, कारण शरीरात तेवढंच शिरतं, असं या पद्धतीचे समर्थक म्हणतात. माझा त्यांच्याशी जुना वाद आहे. पांगुळगाडा धरून उभं राहणारं बाळ तो तासभर चघळून थांबत नाही, ते महिनोन्‌महिने चघळतं. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिशाची सुरक्षित पातळी अशी काही आढळलेलीच नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात २७ कोटींहून अधिक मुलांच्या रक्तात शिसं चिंताजनक पातळीवर आहे. ते सगळं खेळण्यांतून आलं असं मुळीच नाही. जुन्या बॅटऱ्या वितळवणं, मसाले, भांडी अशा अनेक वाटा आहेत. पण वाद शास्त्राचा जेवढा, तेवढाच खर्चाचाही आहे. विद्राव्य शिशाला मोठी उपकरणं लागतात आणि रंगागणिक नमुना लागतो. चार रंगांचं खेळणं म्हणजे बिल वाढलंच. एकूण शिशाची मर्यादा घातली तर यंत्र टेकवून निकाल लागतो, तोही रंगाच्या दुकानात. बाळासाठी ती जास्त कडक आणि सुतारासाठी जास्त स्वस्त. इतर मूलद्रव्यांना हा न्याय लागत नाही हे मला ठाऊक आहे. मी फक्त शिशाबद्दल बोलतेय.

अमेरिका या वाटेने जाऊन आलीय. २००७ मध्ये मॅटेलची शिसंयुक्त रंगाची चिनी खेळणी लाखोंनी परत मागवावी लागली. २००८ मध्ये कडक कायदा आला आणि पहिली बोंब उठली ती घरी लाकडी खेळणी करणाऱ्यांची. हळूहळू तिथे शहाणपण आलं. २००९ मध्ये रंग न लावलेल्या लाकडाला शिशाच्या चाचणीतून वगळलं. २०११ मध्ये छोट्या उत्पादकांना काही सवलती मिळाल्या आणि रंग पुरवणाऱ्याचं प्रमाणपत्र खेळणं करणाऱ्याला वापरण्याची मुभाही मिळाली. रंगाच्या मर्यादेत तिथे एकूण शिसंच मोजतात.

आपल्याकडे सवलती नाहीत असं नाही. सूक्ष्म उद्योगांना कारखान्यातच प्रयोगशाळा उभारण्याच्या अटीतून काही काळ मोकळीक मिळाली, फीमध्येही सूट आहे. डिसेंबर २०२० च्या दुरुस्तीने दोन गटांना आदेशातूनच वगळलं: हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेले कारागीर आणि भौगोलिक मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते. चन्नपट्टणचा कारागीर सुटला. आमच्या दोन जिल्ह्यांत मानांकनं आहेत ती हळदीला, बेदाण्याला, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला, वाघ्या घेवड्याला, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला. पांगुळगाड्याला कोण देणार? मामांकडे पीएम विश्वकर्मा योजनेचं ओळखपत्र आहे. त्या योजनेच्या अठरा व्यवसायांत पारंपरिक खेळणी करणारेही आहेत. पण विश्वकर्मा सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाची आणि सवलत वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या नोंदणीची. एक मंत्रालय त्यांना खेळणी करणारा म्हणतं, आणि त्या कागदावर दुसरीकडे काही मिळत नाही. शिवाय सवलतीचे शब्द आहेत 'कारागिराने बनवलेला आणि विकलेला' माल. मग साताऱ्याच्या दुकानदाराने विकला तर? मी हा प्रश्न बऱ्याच जाणकारांना विचारला. प्रत्येकाने उत्तर दिलं, आणि प्रत्येकाचं वेगळं.

मानकाने काय वगळलंय तेही पाहण्यासारखं आहे. बेचकी त्यात नाही, फटाके नाहीत. सणाच्या शोभेच्या वस्तूही नाहीत. म्हणजे दिवाळीत अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला पोरं किल्ला करतात त्यावरचा मावळा खेळणं की शोभा? कुंभार म्हणेल शोभा. ज्याच्या लहान बहिणीने मावळ्याचं मुंडकं चोखलंय, त्याला विचारून पाहा. नागगोळीचा धूर मात्र कुठल्याच खेळण्याच्या नियमात बसत नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या २०१६ च्या मोजणीत फटाक्यांमध्ये सूक्ष्म कणांचा सर्वांत दाट धूर त्या एवढ्याशा गोळीचाच निघाला होता.

"आम्ही नाही का असल्या खेळण्यांवर वाढलो?" हे वाक्य ऐकून मी थकलेय. वाढलो, पण रक्त कुणी तपासलं होतं? आणि 'लाकडी म्हणजे नैसर्गिक' या समजुतीचाही मला तेवढाच वैताग आहे. शिसं लाकडात नसतं, वरच्या रंगात असतं.

मामांनी पांगुळगाडे बंद केले. मी हस्तकला नोंदणीचा अर्ज भरून द्यायला तयार होते. ते म्हणाले, "आता कशाला, ताई." हल्ली ते पोळपाट-लाटणी कातात, त्याला शिक्का लागत नाही. माझी पिवळ्या रंगाबद्दलची हरकत आजही कायम आहे, त्या चाकांना मी कधीच बरं म्हणणार नाही. पण सगळ्या साखळीत शिशाचा जाब विचारला गेला तो एकट्या त्यांना. रंग करणाऱ्याला नाही, विकणाऱ्याला नाही. आणि यात्रेत बिनचिन्हाचं प्लास्टिक ढिगाने विकलं जातं, तिथे मी कुणाला तपासायला आलेलं पाहिलेलं नाही.

औद्योगिक रंगांनाही शिशाची मर्यादा लावा, आणि रंगवाल्याचा अहवाल कारागिराच्या परवान्याला चालू द्या. माझं मागणं एवढंच आहे. तोवर वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. दुकानातल्या खेळण्यावर आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून पाहावा, खोटा असेल तर तिथेच कळतं. आणि मुलांसोबत मावळे रंगवायला बसणार असाल तर डबा घेताना शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसल्याचा मजकूर डब्यावर शोधा. तो नसेल तर डबा फळीवर परत ठेवा, दुकानदार कितीही म्हणाला तरी.