काळ नदी पुढे कुठे जात होती?

बिरवाडीच्या माणसाला समुद्र म्हणजे पाहुण्यांच्या गावची गोष्ट. आमची ती काळ नदी. सह्याद्रीतून येते, पुढे सावित्रीला मिळते आणि सावित्री बाणकोट-हरिहरेश्वराजवळ समुद्राला. तिथे नदी संपते, एवढेच मला ठाऊक होते.

भूगोलाच्या तासाला सर हिमनद्या शिकवीत होते. नॉर्वेत हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत आज समुद्र आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापुढील जॉर्जेस बँक म्हणजे हिमयुगात साचलेल्या वाळू-गोट्यांचा पाण्याखालचा उंचवटा. शतकानुशतके तिथे कॉड माशांची कोळ्यांना सुगी होती. मी मागच्या बाकावरून विचारले, "सर, आपल्या कोकणात बर्फ कधी आले होते का?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "बर्फ आले नाही, पण बर्फाने आपला समुद्र नेला होता."

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी पृथ्वीवरचे इतके पाणी बर्फात अडकले होते, की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. आजचा किनारा तेव्हा आतला मुलूख होता. आमची काळ सावित्रीचा हात धरून, आज जिथे ट्रॉलर फिरतात त्या मैदानावरून, आणखी कितीतरी कोस चालत असेल! पुढे बर्फ वितळले, समुद्र चढत आला आणि नदीच्या दरीत शिरला. तीच आपली खाडी.

याच्या खुणा तळाशी आहेत. मुंबईपुढे समुद्रात 'फिफ्टी फॅदम फ्लॅट' नावाचे चुनखडीचे सपाट पठार आहे. तिथे मोहरीसारखे गोल चुनखडीचे कण सापडतात. असे कण उथळ, खळबळत्या उबदार पाण्यातच घडतात. आज ते 60 ते 100 मीटर खोल पडून आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला, शंभरावर किलोमीटर आत, 'आंग्रे बँक' आहे. नाव कान्होजी आंग्र्यांचे. तिचा माथा आज सुमारे 20 मीटर पाण्याखाली. त्या काळी तो उघड्यावर, पावसात भिजत असणार. आज तिथे प्रवाळ वाढतात, माशांचे थवे फिरतात. काल जी टेकडी होती, तेच आज माशांचे गाव!

हे ऐकताना मला 22 जुलै 2021 ची रात्र आठवली. महाड पाण्यात गेले होते, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली होती. काळेचे पाणी आमच्या पडवीत आले. वडील अंधारात पायरी मोजत म्हणाले, "खाली खाडीला भरती असेल. सावित्री पाणी घेत नाहीये." पौर्णिमा जवळ आली होती. पुराला पाऊस, गाळ अशी पुष्कळ कारणे. पण उधाणाचे पाणी महाडच्या दिशेने चढते, कारण फार पूर्वी बर्फाने सोडलेला समुद्र त्या दरीत येऊन बसला आहे.

आज पुन्हा बर्फ वितळते आहे. 1900 पासून जगाचा समुद्र सुमारे 20 सेंटिमीटर वर आला. वीतभर म्हणजे फार नव्हे, असे कोणी म्हणेल. पण त्या रात्री आमच्या वडिलांनी पाणी बोटांनीच मोजले होते.

आता कोणी विचारले, बिरवाडीपासून समुद्र किती लांब, तर मी किलोमीटर सांगत नाही. पडवीची पायरी दाखवितो.