चार चाके आणि तिसरे व्रत

अहिल्यानगरच्या भुसार बाजारात तीन पिढ्यांची आडत असलेल्या एका ओसवाल कुटुंबात अक्षय्य तृतीयेला नवी मोटार आली. त्याच दिवशी घरातील वडीलधाऱ्या बाईंच्या वर्षीतपाचे पारणे होते. इक्षुरसाचा कलश आणि मोटारीची किल्ली एकाच पाटावर ठेवून बाईंनी नातवाच्या कपाळी कुंकुम लावले. पुण्यात नोकरीस असलेल्या या धाकट्या चिरंजीवाने स्वतःच्या पगारातून घेतलेली ती पहिली मोटार होती.

बाबूजींना मोटारीतले फारसे कळत नसे. चाके एवढी कशी चमकतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा मुलाने हौसेने समजावून सांगितले. ही साधी पोलादी चाके नव्हेत, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ‘ॲलॉय व्हील’ आहेत. ती वजनाला हलकी असतात, ब्रेकची उष्णता लवकर बाहेर टाकतात आणि दिसायलाही देखणी असतात. गाडी घेताना विक्रेत्याने चाकांसाठी लॉक नट सुचविले होते. प्रत्येक चाकाच्या नटांपैकी एक नट वेगळ्या नक्षीचा असतो आणि त्या नक्षीच्या चावीवाचून तो नेहमीच्या पान्याने सुटत नाही. एवढ्या मोठ्या खरेदीत हा किरकोळ खर्च नको म्हणून मुलाने ते घेतले नव्हते.

श्रावणातील एका पहाटे पुण्याहून फोन आला. इमारतीत जागा नसल्याने मोटार रस्त्याकडेला उभी असे. ती जागेवरच होती, पण विटांच्या चार थप्प्यांवर. चारही चाके रात्रीत गेली होती. काच फुटली नव्हती, दार उघडले नव्हते, आवाज कोणी ऐकला नव्हता. चोरास एक जॅक, एक पाना आणि दिव्याचा उजेड न पोहोचणारी जागा, एवढेच पुरेसे झाले होते.

“तक्रार करून काय होणार, बाबूजी? चाकांवर कुठे नाव लिहिलेले असते!” मुलगा म्हणाला.

“होवो, न होवो. चोरी झाली हे कागदावर आले पाहिजे,” बाबूजींनी सांगितले.

नव्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ खाली आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणे कलम ३१७ खाली येते. ही माहिती त्यांना बाजारातील एका वकील मित्राने दिली. इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती दिली, तर तीन दिवसांच्या आत प्रत्यक्ष सही करावी लागते, हेही त्यांनीच सांगितले. मुलाने ठाण्यात जाऊन गुन्हा नोंदविला. चाके कंपनीतूनच बसून आलेली असल्याने विम्याचा दावाही दाखल झाला. तोपर्यंत गाडी हलविण्यापुरती काळी, साधी पोलादी चाके त्याने बसवून घेतली.

खरी कसोटी यानंतर आली. पर्युषणासाठी मुलगा नगरला आला होता. पहिल्याच दिवशी दुपारी त्याचा फोन वाजला. जुन्या चाकांचा व्यवहार करणाऱ्या कोणाकडून निरोप होता. हुबेहूब तसाच संच, जेमतेम वापरलेला, दोन दिवसांत मिळेल. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. पावती मिळणार नाही, मात्र विम्यासाठी हवेच असेल, तर नव्या चाकांचे बिल ‘करून देता येईल’.

मुलाने गादीवर बसून हिशेब मांडला. निम्म्या किमतीत चाके आणि पूर्ण किमतीचा दावा. “म्हणजे चोरी होऊनही आपण फायद्यात, बाबूजी,” तो हसत म्हणाला. त्याच्या हसण्यात लबाडी नव्हती. ज्याचे गेले आहे, त्याने कसेही करून भरून काढावे, एवढाच त्याचा विचार होता. “सगळेच असे घेतात. आपण नाही घेतले, तर दुसरा कोणी घेईल.”

बाबूजींनी लगेच उत्तर दिले नाही. “आज राहू दे,” एवढेच म्हणाले.

संध्याकाळी ते स्थानकात प्रतिक्रमणास बसले. चाळीस वर्षे तोंडी असलेले पाठ. श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचे, अचौर्याचे, पाच अतिचार आले. चोराला उत्तेजन देणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम ओलांडून व्यवहार करणे, मापात कमीजास्त करणे आणि चांगल्या मालात हलक्याची भेसळ करणे. दुकानात माप चोख, माल स्वच्छ, कर वेळेवर. त्यामुळे या पाठाच्या वेळी त्यांचे मन आजवर निश्चिंत असे. त्या संध्याकाळी मात्र दुसऱ्या अतिचारापाशी जीभ अडखळली.

पुण्यातील त्या चाकांमुळे नव्हे. त्यांना तीन पोती आठवली.

बाबूजी तेव्हा पंचविशीत होते, वडिलांच्या हाताखाली नुकतेच गादीवर बसू लागले होते. एका भर दुपारी एक अनोळखी क्लीनर मालमोटारीतून तूरडाळीची तीन पोती उतरवून दुकानाच्या मागच्या दाराशी उभा राहिला. भाव बाजारापेक्षा बराच कमी. बिल्टी नाही, पावती नाही. वडील बाहेरगावी गेले होते. बाबूजींनी काही विचारले नाही, कारण विचारले असते, तर घेता आले नसते. पोती त्यांनी घेतली. रोजमेळात त्या दिवशी एक खोटे नाव लिहिले. ती डाळ विकली गेली, पैसे गल्ल्यात मिसळले आणि वर्षे लोटली. दरवर्षी संवत्सरीला त्यांनी सर्व जीवांची क्षमा मागितली. त्या पोत्यांच्या धन्याची नाव घेऊन मागता आली नाही, कारण ते नाव त्यांना कधी कळलेच नव्हते.

पर्युषणात व्यवहार मंद असला, तरी गादी रोज झाडली जाई. त्याच आठवड्यात हिवरे बाजारचे एक जुने शेतकरी मुगाचा नमुना घेऊन आले. त्यांच्या वडिलांपासूनचा हा संबंध. चाकांची गोष्ट निघाली.

“शेठजी, आमच्या डोंगराला तरी कुठं कुलूप आहे?” ते म्हणाले. “राखणदार उभा करायचा म्हटलं, तर किती करणार? सगळ्यांनी मिळून ठरवलं, तेव्हा राखण झाली. एकदा या, पोराला घेऊन.”

संवत्सरी झाली. क्षमापनेनंतरच्या रविवारी बाबूजी, बाई आणि मुलगा त्याच काळ्या चाकांच्या मोटारीतून निघाले. नगरपासून हिवरे बाजार सुमारे १७ किलोमीटर. वाटेत बाईंनी शनिशिंगणापूरचा विषय काढला. याच जिल्ह्यातल्या त्या गावी घरांना दारे नसत. २०११ मध्ये यूको बँकेने तेथे कुलूप न लावणारी शाखा उघडली, तेव्हा तिची देशभर चर्चा झाली. “तिथे शनिमहाराजांचे भय आहे,” बाई म्हणाल्या, “आणि इथे?”

इथले उत्तर वेगळे आहे. पावसाची सरासरी जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास असलेले हे गाव १९७२ च्या दुष्काळानंतर खचत गेले होते. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, माणसे मजुरीसाठी बाहेर पडली आणि गाव दारूच्या भट्ट्यांसाठी ओळखले जाऊ लागले. १९८९ मध्ये एम. कॉम. झालेल्या पोपटराव पवार यांना गावाने सरपंच केले. पुढे आदर्श गाव योजनेत गाव सामील झाले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी अशी तत्त्वे ग्रामसभेने स्वीकारली. डोंगरावर समतल चर खोदले गेले, बंधारे झाले, झाडे लागली. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिके करायची नाहीत, असेही ठरले. बाहेर गेलेली अनेक कुटुंबे परतली. २०२० मध्ये पोपटराव पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

मुलाला सर्वांत नवल वाटले ते पाण्याच्या ताळेबंदाचे. गावात पर्जन्यमापक आहेत, विहिरींच्या पातळीच्या नोंदी होतात. पाऊस किती पडला, त्यातून पाणी किती मिळाले, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, हे आधी वजा केले जाते. उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतात, ते ग्रामसभेत ठरते. पाऊस कमी झाला की पिकेही कमी पाण्याची.

“हा तर आपला रोजमेळ,” बाबूजी म्हणाले. “फक्त जमेला पाऊस आहे.”

शेतकऱ्यांनी त्यांना डोंगराच्या पायथ्याशी नेले. गुरे सोडायला मनाई असल्याने गवत कमरेएवढे वाढले होते. ज्याला हवे, त्याने विळ्याने कापून डोक्यावर न्यायचे. “खाली सगळ्यांचं पाणी एकच,” ते सांगत होते. “मी माझ्या रानात खोल भोक पाडलं, तर पाणी माझ्या पंपातून येईल, पण असेल शेजाऱ्याचं. कोण बघतंय म्हणून तो पाडत नाही असं नाही. त्याला ठाऊक आहे, मीही पाडणार नाही.”

बाबूजी बराच वेळ त्या गवताकडे पाहत उभे राहिले. शास्त्रात चोरीला अदत्तादान म्हणतात. न दिलेले घेणे. शेजाऱ्याच्या जमिनीखालचे पाणी ओढणे हे अदत्तादानच, आणि ज्यांनी तो शब्द कधी ऐकला नसेल, त्या गावाने ते वर्ज्य केले होते. एकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून.

परतण्याआधी एका कडुलिंबाखाली बसून त्यांनी मुलाला तीन पोत्यांची गोष्ट सांगितली. खोट्या नावासह, काही न लपविता. बाईही ऐकत होत्या. त्यांनाही ती ठाऊक नव्हती.

“त्या दिवशी मी म्हणालो होतो, मी नाही घेतली, तर दुसरा घेईल,” बाबूजी म्हणाले. “तो क्लीनर माझ्याच दाराशी का आला? भुसार बाजारात असे एखादे मागचे दार उघडे असणार, हे त्याला माहीत होते. ते दार माझे होते. पुण्यातला चोर तुझी चाके स्वतःच्या गाडीला लावायला थोडाच नेतो! पावती न मागणारा कोणीतरी पुढे बसला आहे, म्हणून तो रात्री बाहेर पडतो. तू तो संच घेतलास, तर उद्या आणखी एक मोटार विटांवर उभी राहील. शिवाय ते बिल. ते तर कूटलेख झाले, दुसऱ्या व्रतालाही डाग.”

मुलगा काही वेळ गप्प होता. “बाबूजी, त्या पोत्यांचे तुम्ही पुढे काय केलेत?”

“त्या डाळीची आजच्या भावाने किंमत काढली आहे. ती पांजरपोळाला देणार आहे. दिल्याने चोरी फिटते असे मी मानत नाही. पण ते पैसे घरात राहू नयेत.”

बाईंनी नुसता मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. कोणाच्या, नातवाच्या की आपल्या साठी उलटलेल्या मुलाच्या, हे दोघांनाही कळले. चौविहाराची वेळ सांभाळून सूर्यास्तापूर्वी तिघे घरी पोहोचले.

मुलाने त्या रात्री फोन करून संच नाकारला. विम्याच्या दाव्यात त्याने खरी कागदपत्रेच दिली. कपात होऊन जे मिळाले, त्यात पदरचे घालून त्याने दिवाळीनंतर रीतसर पावतीची नवी चाके घेतली. ही कथा येथे संपवता आली असती, परंतु विवेक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. गावात नशाबंदी असली, तरी रात्री घराला कडी लावतातच. म्हणून आपल्या घरांतील तरुणांसाठी, या मुलाने पुढे काय केले, तेही नोंदवणे योग्य ठरेल.

प्रत्येक चाकाला त्याने एकेक लॉक नट बसविला. त्याच्या चावीचा सांकेतिक क्रमांक घरच्या तिजोरीत ठेवला. चावी मात्र गाडीतच, पण सहज न सापडणाऱ्या जागी, कारण वाटेत पंक्चर झाले आणि चावी घरी राहिली, तर स्वतःचेच चाक स्वतःला काढता येत नाही. लॉक नट यंत्राच्या धक्क्याने न आवळता हाताच्या पान्याने, ठरलेल्या जोरानेच आवळावा, हे तो गॅरेजवाल्यास दर वेळी सांगतो. चाकाच्या आतल्या बाजूस गाडीचा क्रमांक कोरून त्याची छायाचित्रे काढून ठेवली. असे चाक विकायला गेले, तर ओळखू येते. शक्यतो उजेडात, कॅमेऱ्याच्या नजरेत आणि एक बाजू भिंतीलगत ठेवून तो गाडी उभी करतो, म्हणजे त्या बाजूस पाना फिरवायला जागा उरत नाही. गाडी एका बाजूने उचलली जाताच वाजणारा भोंगाही बसवून घेतला. चाके नंतर स्वतः बदललेली असतील, तर विमा कंपनीला तसे लेखी कळवून पावती जपावी, हेही त्याने मित्रांना सांगितले.

या साऱ्या उपायांनी चोराचा वेळ वाढतो आणि वेळ वाढला की चोर बहुधा पुढच्या गाडीकडे वळतो. लॉक नटाची मर्यादाही तीच. तो आपले चाक वाचवितो, शेजाऱ्याचे नाही. शेजाऱ्याचे चाक वाचते ते पावतीवाचून माल न घेणाऱ्या ग्राहकामुळे.

बाबूजींच्या दुकानाचे मागचे दार आता बंद असते. ते विटांनी बुजवून घेतले आहे. हमालांना त्यामुळे थोडा वळसा पडतो. कारण विचारले, तर बाबूजी म्हणतात, “इकडून फार उकाडा येत होता.”