सेकंदाला पन्नास चौकटी

छोट्या बोर्डावर जुने गेम चालवू पाहणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘यावर काय काय चालतं?’ हा. निन्टेन्डो चालतो का, सुपर निन्टेन्डो चालतो का, प्लेस्टेशन चालतो का? २०१२ साली ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय आला, तेव्हापासून प्रत्येक नवा बोर्ड याच मापाने मोजला जातो. मला हे माप अपुरं वाटतं. गेम सुरू होणं वेगळं आणि बरोबर चालणं वेगळं. या दोन्हींतला फरक चित्रात सहसा दिसत नाही, कारण तो वेळेत असतो.

१९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ घ्या. वरची गुणांची पट्टी जागच्या जागी राहते आणि खालचं जग सरकतं. निन्टेन्डोच्या यंत्रातली चित्रं काढणारी चिप मात्र पडद्याचे असे दोन भाग आपणहून करत नाही. म्हणून पट्टीतल्या नाण्याशी एक स्प्राइट (स्वतंत्रपणे हलवता येणारं छोटं चित्र) दडवलेला आहे. चित्र वरून खाली काढता काढता चिप त्या स्प्राइटपाशी पोचली की एक खूण वर करते. गेम तिचीच वाट पाहत असतो. ती दिसली की तो पुढच्या ओळी सरकवायला घेतो. प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा, आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला पडद्यावरचे तीन ठिपके पुढे जातात. एम्युलेटरने, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने, हा हिशेब चुकवला तर पट्टी थरथरते. खूण आलीच नाही तर गेम गोठतो. म्हणजे ज्याला आपण चित्र म्हणतो तेही इथे वेळेतूनच घडलेलं असतं.

इतकी काटेकोर नक्कल स्वस्त बोर्डाला झेपत नाही, हा आक्षेप खरा आहे. सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर जेमतेम ३.५८ मेगाहर्ट्झचा, पण त्याची बिनचूक नक्कल करायला ३ गिगाहर्ट्झच्या घरातला संगणक लागतो, असं ‘बीस्नेस’ या एम्युलेटरचा कर्ता बायू याने २०११ साली मांडलं होतं. यंत्रातली प्रत्येक चिप आपापल्या गतीने चालते, आणि नक्कल करताना त्या सगळ्यांना क्षणोक्षणी एकमेकींसाठी थांबवावं लागतं. पाय झीरो या स्वस्त बोर्डावर आपण ‘स्नेस९एक्स’ या एम्युलेटरची जुनी आवृत्ती लावतो, ती हे थांबणं बरंचसं टाळते. त्याची किंमत मोजावी लागतेच: ‘स्पीडी गोन्झालेस’मधलं एक बटन दाबलं की जुन्या एम्युलेटरांवर गेम अडकून बसायचा. तरीही मी तडजोडीच्या बाजूने आहे. असे गेम थोडे आहेत, आणि वाचलेली ताकद प्रत्येक गेममध्ये जाणवेल अशा जागी लावता येते.

ती जागा म्हणजे लॅग: बटन दाबल्यापासून मारिओ उडी मारेपर्यंतचा वेळ. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र येता येताच दिसायचं. एलसीडी ते आधी साठवतो, सजवतो, मग दाखवतो. ‘डक हंट’ची बंदूक आजच्या टीव्हीवर चालत नाही ती याचमुळे. चाप ओढल्यावर पडदा काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा असतो, तो ठरल्या क्षणी येत नाही. अनेक एम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या रेट्रोआर्चमधली ‘रन-अहेड’ची सोय गेम एक चौकट (पडद्यावरचं एक पूर्ण चित्र) पुढे चालवून गेमच्या आतला उशीर कापते. त्यासाठी दर चौकटीला जवळपास दुप्पट काम पडतं, पण कोअर (रेट्रोआर्चमधला एम्युलेटर) हलका असेल तर छोट्या बोर्डालाही ते पेलतं. तीच ताकद जुन्या टीव्हीसारख्या खोट्या स्कॅनलाइन (आडव्या रेघा) काढण्यात घालवणं मला उधळपट्टी वाटते.

‘बिनचूक’ म्हणजे कोणत्या यंत्राशी बिनचूक, हे मात्र आधी ठरवायला हवं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी पोचलेले व्हिडिओ गेम बहुतेक नकली होते, आणि टीव्ही होते पाल पद्धतीचे. अशा टीव्हींसाठी बनलेल्या नकली यंत्रांचा प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झचा, मूळ यंत्राच्या अगदी जवळचा. चौकटी मात्र सेकंदाला साठऐवजी ५०. त्यामुळे मारिओच्या संगीताची पट्टी जवळपास तीच राहायची, पण लय एक षष्ठांशाने मंदावायची. आजचे एम्युलेटर ‘कॅसेट’मधला तोच गेम ६० वर चालवतात, आणि चाळिशीतल्या माणसाला तो घाईत असल्यासारखा वाटतो. तो काही निव्वळ भास नाही. एफसीईयूएमएम या निन्टेन्डोच्या कोअरमध्ये ‘डेंडी’ हा पर्याय निवडला (डेंडी हे रशियात गाजलेल्या अशाच नकली यंत्राचं नाव) आणि एचडीएमआयही ५० हर्ट्झवर ठेवलं की ती लय परत मिळते. एचडीएमआय ६० वरच राहिलं, तर दर पाचवी चौकट दोनदा दिसते आणि सरकणारं चित्र अडखळतं.

हे सगळं फोनवरही होतं, मग बोर्ड कशाला, असं कोणी विचारेल. पण पाय ३ किंवा ४ च्या गोल जॅकमधून जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला थेट जोडणी करता येते. ती सोय फोनमध्ये नाही. एफपीजीएवरचा, म्हणजे जुन्या चिपा सर्किटातच उभ्या करणारा, मिस्टर वेळेच्या बाबतीत सरस आहे हे मान्य, पण त्याच्या किमतीत कितीतरी पाय झीरो येतात.

शेवटी एक साधी बाब. व्होल्टेज कमी पडलं की पाय आपला वेग स्वतःच कमी करतो, कोपऱ्यात विजेचं चिन्ह उमटतं आणि आवाज फुटू लागतो. दोष एम्युलेटरला दिला जातो, आणि चूक असते मोबाइलच्या चार्जरची. तेव्हा नवा बोर्ड घेण्याआधी चांगला अडॅप्टर घ्या, टीव्हीचा गेम मोड लावा, आणि मारिओ एकदा ५० वर चालवून बघा.